आईचं कोपर

जोर्वेकरांच्या घरात शामकांतच्या आईचा म्हणून जो एकमेव फोटो होता, त्यात तिचं कोपर होतं. तेही डावं. शामकांतच्या धाकट्या बहिणीच्या, विजयाच्या लग्नातला हा फोटो. मध्ये नवरा-नवरी, बाजूला कोटटोपीतले त्याचे वडील अण्णा, त्यांच्या शेजारी आजतागायत कोणीही न ओळखलेला एक जाडजूड गृहस्थ, अगदी स्पष्ट, आणि उजव्या कडेला, जिथे आईने उभं राहायचं होतं तिथे, परात घेऊन निघालेल्या बाईचं कोपर. फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटलं आणि नेमकं तेव्हाच तिला आठवलं होतं की मठ्ठ्यात मीठ घालायचं राहिलंय.

बाहत्तर सालच्या जानेवारीत शामकांतने नवा कॅमेरा घेतला तो हे कोपर पूर्ण करण्यासाठी. निदान सुचित्राला, म्हणजे बायकोला, त्याने तसं सांगितलं. कोपरगावातल्या एका सरकारी कचेरीत तो कारकून होता आणि स्वभावाने फार अस्वस्थ माणूस. खुर्चीत बसला की त्याचा उजवा गुडघा हलू लागे आणि शेजारच्या टेबलावरची शाईची दौत थरथरे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीस जाईपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे आणि घरच्यांना झोप लागत नसे.

आता कोणी म्हणेल, त्यात काय अवघड आहे? आईला अंगणात खुर्चीवर बसवायचं आणि काढायचा फोटो. पण शामकांतला असला फोटो नको होता. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीचं बटण ‘टच’ वाजलं की या घरातली माणसं माणसं राहत नसत. अण्णा, म्हणजे निवृत्त हेडमास्तर दत्तोपंत जोर्वेकर, तडक आत जाऊन कोट चढवत, काळी टोपी घालत आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर शत्रू उभा असल्यासारखे बघत. सुचित्रा लुगडं बदलायला जाई ती प्रकाश मावळल्यावर बाहेर येई. आणि आई एकतर दिसेनाशी होई किंवा सापडलीच तर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन साक्ष द्यायला आल्यासारखी उभी राही. म्हणून शामकांतने ठरवलं की आईचा फोटो काढायचा तो तिच्या नकळत, स्वयंपाकघरात, तिच्या नेहमीच्या कामात असताना.

अडचण एवढीच की त्या स्वयंपाकघरात उजेड नव्हता. एक खिडकी होती, तिच्या पुढ्यात शेजारच्या बायडाबाईची शेण्या थापलेली भिंत होती. एक दिवा होता, तो अण्णांच्या हुकमाने पंचवीस वॅटचा, आणि वीजकपातीच्या दिवसांत तोही नुसता शोभेला. पण कॅमेऱ्याबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक आलं होतं आणि शामकांतने ते डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन वेळा वाचलं होतं. कमी प्रकाशात भिंग पूर्ण उघडावं, पडदा सावकाश पाडावा, कॅमेरा स्थिर वस्तूवर टेकवावा आणि श्वास रोखावा. शेजारी चित्र होतं. एक गोरी बाई खिडकीशी बसून विणकाम करत होती. ती बाई बसली होती, या गोष्टीकडे शामकांतने तेव्हा लक्ष दिलं नाही.

पहिल्या रोलमध्ये बारा फोटो होते आणि ते चार दिवसांत संपले. आईच्या स्वयंपाकघरात स्थिर वस्तू नसते, हा शोध शामकांतला या काळात लागला. त्याने कॅमेरा ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवला, तर आईला नेमकं पीठ हवं होतं. त्याने तो उपड्या पाटीवर ठेवला, तर पाटीखाली दुधाचं पातेलं होतं. खिडकीच्या कठड्यावर ठेवला, तेव्हा पलीकडून बायडाबाईचा हात आला आणि विरजणाची वाटी कॅमेऱ्यासमोर ठेवून गेला.

“शाम, हे डबडं इथून उचल आधी,” आई म्हणाली. “फोडणी उडेल.”

“डबडं नाही गं ते.”

“बरं, जे असेल ते उचल.”

गावातल्या स्टुडिओचे मालक कानिफनाथ स्वतः फोटो धुवायचे. त्यांनी बारा फोटो काचेवर पसरले आणि एकेक उचलून उजेडाशी धरला.

“साहेब,” शेवटी ते म्हणाले, “ह्यो धूर कशाचा हाय?”

“ती आई आहे.”

“आन् ह्यो?”

“तीही आईच.”

“भांडी लई झकास आलीत बघा. ह्या कढईवरला पोचा बी दिसतोय. तुमच्या हाताला दोष न्हाई, कॅमेऱ्याला बी न्हाई. पन काकू थांबल्याच न्हाईत. निस्ता एक सेकंद थांबा म्हनावं त्यांना. एका सेकंदात काम हुतंय.”

एक सेकंद. शामकांतला वाटलं, हे तर काहीच नाही. त्याने कानिफनाथांकडे होता तो शेवटचा रोल विकत घेतला. लग्नसराई तोंडावर होती आणि पुढचा माल कधी येईल हे देवालाही ठाऊक नाही, असं कानिफनाथांनी बजावलं होतं. आता बाराच संधी होत्या.

तो घरी येऊन म्हणाला, “आई, एक सेकंद थांब.” आई थांबली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला आणि साक्ष द्यायला उभी राहिली. शामकांतने कॅमेरा मिटला.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. एका रविवारी हातात घड्याळ घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. आई आपणहून केव्हा थांबते हे त्याला नोंदवायचं होतं. सकाळी सहा ते दुपारी दोनपर्यंत ती थांबली नाही. वास्तविक ती चहा पिताना तरी थांबेल, अशी त्याची खात्री होती. पण तिच्या चहाचा कप बशी झाकून खिडकीत पडून राहिला. अण्णांचा दुसरा चहा झाला, सुचित्राचा झाला, दूधवाल्याशी वाद झाला, आणि साडेदहाला आईने तो गार कप उभ्या उभ्या एका घोटात संपवला. दुसऱ्या हाताने त्या वेळी ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

“हा रोज असाच पितेस?” शामकांतने विचारलं.

“कसा?”

“गार.”

“चहाच तो. गार काय, गरम काय.”

शामकांतला मनापासून लाज वाटली. छत्तीस वर्षं आपण या बाईच्या हातचं वाफाळतं खातोय, आणि ती गार चहा पिते हे कॅमेरा घेतल्यावर आपल्याला कळलं. तो पाचेक मिनिटं खरंच खिन्न बसला. मग त्याच्या ध्यानात आलं की दहाच्या सुमाराला बायडाबाईच्या भिंतीवरून ऊन चढून खिडकीतून आत येतं आणि थेट तव्यापर्यंत पोचतं. तेवढ्या उजेडात सेकंदाची गरज नाही, अर्ध्यात भागेल. खिन्नता संपली आणि गुडघा पुन्हा हलू लागला.

पण दहाला तो कचेरीत असायचा, आणि रविवारी ढग आले तर रविवार वाया. म्हणजे रजा घेणं आलं.

त्याआधी बायडाबाईशी झालेलं बोलणं सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. बायडाबाईचा ऊस साखर कारखान्यावर जायचा, घरात दोन म्हशी होत्या, आणि जोर्वेकरांच्या घरात काय चाललंय हे तिला जोर्वेकरांच्या आधी कळायचं. तिने भिंतीवरून विचारलं, “भाऊ, चार दिस बघतीया मी, काकूचा फोटू काढताय जनू?”

“हो.”

“काकूचाच? येकलीचा?”

“एकटीचाच. नीट, मोठा.”

बायडाबाईने हातातली शेणी खाली ठेवली. “काकूला ठावं हाय का?”

“नाही. तिला कळू न देता काढायचाय. तिला सांगू नका.”

“न्हाई सांगायची,” बायडाबाई म्हणाली आणि तिने डोळ्याला पदर लावला. शामकांतला वाटलं, शेणाचा हात लागला असेल.

त्या भागात म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो काढायची एक वेळ असते. डॉक्टरने मान हलवली, पोरांना बोलावणं गेलं की कोणीतरी हळूच म्हणतं, फोटो नाही हो यांचा एकही. मग फोटोवाल्याला आणतात, माणसाला धरून खुर्चीत बसवतात, आणि तेराव्याला तो फोटो हार घालून भिंतीवर लागतो. बायडाबाईच्या सासूचा तसाच निघाला होता. गावातल्या निम्म्या घरांतल्या भिंतींवर असेच फोटो होते. हे शामकांतला माहीत नव्हतं असं नाही. पण तो त्या आठवड्यात भिंगाच्या छिद्रांचे आकडे पाठ करत होता, आणि आकडे पाठ करणाऱ्या माणसाला भिंतीवरचं काही दिसत नाही.

रजेचा अर्ज त्याने धास्तावूनच दिला. त्यांचे हेडक्लार्क रजेच्या बाबतीत फार कडक होते. मागच्याच महिन्यात एकाला स्वतःच्या मुलाच्या मुंजीसाठी त्यांनी अर्धा दिवस दिला होता, आणि तोही मुहूर्ताच्या नंतरचा. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं यावर शामकांतने रात्र घालवली. ‘घरगुती अडचण’ लिहिलं तर कोणती म्हणून विचारतील. ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलं तर सर्टिफिकेट मागतील. शेवटी त्याने खरं ते लिहिलं: आईचा फोटो काढणे.

हेडक्लार्कांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“एक दिवस पुरेल तुम्हाला?”

“सर, ऊन कसं पडतं त्यावर आहे.”

“तीन दिवस लिहितो,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “लागले तर आणखी घ्या. वय काय त्यांचं?”

“अठ्ठावन्न.”

“फार नाही हो.” आणि त्यांनी उठून शामकांतचा हात हातात घेतला. नोकरीच्या चौदा वर्षांत त्यांनी शामकांतच्या हाताला कधी स्पर्श केला नव्हता. घरी जाताना शामकांतचा ऊर भरून आला होता. या रुक्ष कचेरीत कलेची कदर करणारा एक तरी माणूस आहे, असं त्याने सुचित्राला दोनदा सांगितलं. अर्ज आत-बाहेर नेणारा शिपाई गहिनीनाथ तोवर एस. टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात पोचला होता. तिथे बेलापूरकडच्या गाडीचा कंडक्टर चहा पीत होता, आणि बेलापुरात विजयाचं सासर होतं.

रजेचा पहिला दिवस ढगाळ गेला. अस्वस्थपणात शामकांतने पाच फोटो उडवले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तव्यापर्यंत आलं, आणि आई उठून परसात वाळवण बघायला गेली. ती आत आली तेव्हा ऊन बाहेर गेलं होतं. त्या सकाळी आणखी सहा गेले. त्यांतल्या एकात तर तो रोल पुढे सरकवायलाच विसरला आणि आईवर दुधाचं पातेलं छापलं गेलं असणार, हे त्याला तेव्हाच कळलं. उरला एक. तो एक फोटो असलेला कॅमेरा घेऊन शामकांत दुपारभर घरात येरझाऱ्या घालत होता. सुचित्रा म्हणाली, “अहो, तुम्ही तरी थांबा एक सेकंद.”

चारच्या सुमाराला दारात टांगा थांबला. विजया खाली उतरली ती रडतच. तिच्या मागे तिचे यजमान, त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी. त्यांच्याही मागे पारनेरचे मामा, कारण विजयाने आदल्या संध्याकाळीच त्यांना तार केली होती: आईचा फोटो काढतात, निघा. मामांच्या हातात काशीहून आणलेला गंगाजळाचा लाखबंद गडू होता. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या गावात मामा परगावची गंगा घेऊन आले होते, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

आई तेव्हा परसात चाळणीने गहू चाळत होती.

“अगोबाई, विजू? अशी अचानक? आणि रडतेस का? जावईबापू, सगळं बरं आहे ना घरी?”

विजया तिच्या गळ्यात पडली. मामांनी तिच्या हातातली चाळणी काढून घेतली. “अक्का, या अवस्थेत काम? या घरात माणसं आहेत की कोण आहेत?” असं म्हणून त्यांनी शामकांतकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्याच्याकडे कधी बिल अडलेल्या ठेकेदारानेही पाहिलं नव्हतं.

दोघांनी मिळून आईला पुढच्या खोलीतल्या पलंगावर नेऊन बसवलं. पाठीशी लोड, पायांवर शाल. ती उठू लागली की चार हात तिला खाली बसवत. “अरे, मला काय झालंय?” ती विचारी, आणि हे ऐकून विजयाला नवा हुंदका येई, कारण रोग्याला सांगितलेलं नाही हे तिने ताडलं होतं. बायडाबाई भिंतीवरून नाही, चक्क दारातून आली आणि दुधाची चरवी ठेवून जमिनीवर बसली. हेडक्लार्क आले, सफरचंदं ठेवून उभे राहिले. सुचित्राला काहीच कळेना, तेव्हा ती सगळ्यांसाठी पाणी आणू लागली.

अण्णा फिरायला गेले होते. परत येताना त्यांना कोपऱ्यावरच कोणीतरी सांत्वनाचे दोन शब्द सांगितले असावेत. कारण ते आले ते घाईघाईने, कोट काढून फेकला, टोपी कुठेतरी पडली, आणि बंडीवरच पलंगाजवळ येऊन वाकले.

“काही दुखतंय का गं तुला?” त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षांच्या संसारात अण्णांनी आईला हा प्रश्न विचारलेला कोणी ऐकला नव्हता. आईनेही ऐकला नसावा. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली.

“काही हवंय?”

आईने जरा विचार केला. “चहा चालेल.”

आणि अण्णा, ज्यांना आपल्या घरात साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हे माहीत नव्हतं, ते स्वयंपाकघरात गेले.

हे सगळं होत असताना हेडक्लार्क शामकांतला बाजूला घेऊन म्हणाले, “फोटो झाला का काढून? नाहीतर राहून जातं हो. आमच्या मातोश्रींच्या वेळी असंच झालं.” त्या वाक्यासरशी शामकांतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंतीवरचे सगळे हार एकदम दिसले. बायडाबाईचा पदर, हेडक्लार्कांचा हात, विजयाचे डोळे, मामांचा गडू. आपल्यामुळे पारनेरपासून बेलापूरपर्यंत माणसं रडत उठून आली आहेत. आत्ताच्या आत्ता सांगून टाकलं पाहिजे. त्याने तोंड उघडलं.

आणि त्याने आईकडे पाहिलं. ती बसली होती. लोडाला टेकून, पाय पसरून बसली होती. अण्णांनी स्वतः आणलेला कप तिच्या हातात होता आणि कपातून वाफ येत होती.

शामकांतने तोंड मिटलं. हे चुकलं, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. सख्खी बहीण समोर रडत असताना शुद्ध स्वार्थापोटी तो गप्प बसला. बाहेर दिवेलागण झाली होती, वीज गेलेली होती, खोलीत एक कंदील आणि दारातून येणारा शेवटचा उजेड. त्याने कॅमेरा कोनाड्यात टेकवला, भिंग पूर्ण उघडलं, श्वास रोखला, बटण दाबून धरलं आणि मनात चार आकडे मोजले. त्या चार आकड्यांपुरता त्याचा गुडघाही हलला नाही. ‘टच’ झालं, पण कोणी कोट घालायला गेलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं.

पुढचा अर्धा तास शामकांतच्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता. मामा जे बोलले ते हेडमास्तरांच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं, पण हेडमास्तर त्यांच्या बाजूने होते. विजया आधी हसली, मग नव्याने रडली. हेडक्लार्कांनी उरलेल्या रजा रद्द केल्या आणि सफरचंदं ठेवावीत की न्यावीत या विचारात पाच मिनिटं उभे राहिले. मामांनी गंगाजळाचा गडू पिशवीत परत घातला.

“आणि तू गं?” शामकांत शेवटी आईला म्हणाला. “तुला काही झालेलं नाही, हे तुला तरी ठाऊक होतं ना? ठणकावून सांगायचंस.”

“यांनी दुखतंय का म्हणून विचारलं तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही काय समजलात ते,” आई म्हणाली. “पण चहा गरम होता.”

आठवड्याने कानिफनाथ स्वतः फोटो घेऊन घरी आले. अकरा वेळा धूर होता. बाराव्यात मात्र घर उलटं झालं होतं. डोळ्याला पदर लावायला निघालेली विजया म्हणजे नुसती एक छटा, हातवारे करणारे मामा वितळून गेलेले, मोसंबी सोलणारे जावईबापू पुसट, पाणी नेणारी सुचित्रा दारात सांडल्यासारखी. बशी घेऊन परत निघालेल्या अण्णांची फक्त बंडी ओळखू येत होती. आणि या सगळ्या धावपळीच्या मधोमध आई, भुवईच्या केसापर्यंत स्पष्ट, दोन्ही हातांत कप, ओठ कपाला लागायच्या बेतात, आणि डोळ्यांत हसू.

अण्णा बराच वेळ फोटो हातात धरून होते. “बंडीवर काढलास,” एवढंच ते म्हणाले, पण फोटो परत न देता त्यांनी तो आपल्या पंचांगात ठेवला.

आईने तो मागून घेतला, चुलीच्या उजेडाशी नेऊन पाहिला. “ही कोण बाई? मी नव्हे. मी अशी कधी बसते?” मग तिने धुरातला एक फोटो उचलला. त्यात पोळपाट होता आणि त्यावर फिरणारं काहीतरी. “ही मी,” ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

बायडाबाई मात्र खिडकीतून हात घालून तो बारावा फोटो घेऊन गेली, उन्हात धरून बघत राहिली आणि परत देताना म्हणाली, “भाऊ, माजा बी असाच काढा येक. पन आदी चार गावास्नी सांगावा धाडा मी मराया टेकली म्हनून. म्हंजी मला बी वाईच बसाया मिळंल.”

भिंतीपलीकडे तिची म्हैस ओरडली, तशी ती गेली. खिडकीत आईचा कप बशी झाकून ठेवलेला होता. शामकांतने तो उचलला, चहा स्टोव्हवर पुन्हा तापवला, आणि ती पोळी लाटायचं थांबवेपर्यंत हातात धरून उभा राहिला.